पंगत ते फ्यूजन : माळव्यातल्या मराठी ताटाची गोष्ट

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या घराघरांत एक नवा शब्द रुळला आहे : फ्यूजन. मुलाचा निकाल असो, लग्नाचा वाढदिवस असो की पुण्याहून आलेली आत्या असो, ‘आज बाहेरच जेवू’ असे ठरते आणि धारहून काय, देवासहून काय, गाडी इंदूरच्या रस्त्याला लागते. तिथल्या मेन्यूकार्डावर थालीपिठाचा पिझ्झा, पुरणपोळीबरोबर आइस्क्रीम, आमटीचे ‘शॉट्स’ असे काहीबाही लिहिलेले असते. तरुण मंडळी आधी फोटो काढतात, मग जेवतात. ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि कुणीतरी हळूच म्हणते, ‘हे ना धड आपलं, ना धड त्यांचं!’

या वाक्याचा थोडा इतिहास तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेला माणूस आहे. पण नोकरीमुळे धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे पायाखालून गेले, आणि गावोगावच्या घरांत जेवताना एक प्रश्न मनात घर करून राहिला. आपले ताट ‘धड आपले’ असे नक्की केव्हा होते?

मांडूच्या सुलतानाचे पाकपुस्तक

सुरुवात धार जिल्ह्यातूनच करू. मांडूला आपण पावसाळ्यात जातो, जहाज महाल पाहतो, कणसे खातो आणि परत येतो. त्या मांडूवर १४६९ ते १५०० या काळात घियासुद्दीन शाह याचे राज्य होते. राज्यकारभारापेक्षा खाण्यापिण्याची त्याला अधिक हौस होती. त्याच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचा एक ग्रंथ त्याच्या काळात सुरू झाला आणि त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात पुरा झाला. त्याचे नाव ‘निमतनामा’. पुढे ही सचित्र पोथी टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहात पोहोचली, तिथून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २००५ साली तिचा इंग्रजी अनुवादही निघाला.

या पोथीत समोशांचे अनेक प्रकार आहेत, खिचडी आहे, कढी आहे, वड्या आहेत, विडे आहेत. चित्रांत इराणी वळण आहे आणि त्याच चित्रांत इथल्या बायका इथल्या भांड्यांत रांधताना दिसतात. गुलाबपाणी आणि कस्तुरी यांच्या शेजारी हिंग आणि तूप आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या डोंगरावर पाचशे वर्षांपूर्वी इराण आणि माळवा एका पातेल्यात शिजत होते. त्याला त्या वेळी कुणी फ्यूजन म्हणत नव्हते, एवढाच फरक.

आणखी एक गंमत पाहा. या पोथीत मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. कसे असतील? या गोष्टी अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज त्या घेऊन येईपर्यंत हिंदुस्थानात त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. मांडूत जी गोरखचिंचेची फताडी झाडे दिसतात आणि ज्यांची फळे ‘मांडू की इमली’ म्हणून रस्त्याकडेला विकतात, ती मूळची आफ्रिकेतली. झाड आफ्रिकेचे, नाव मांडूचे, आणि आंबट म्हणून चोखणारे आपण सगळे!

मोहिमेबरोबर आलेली चूल

आता आपले पूर्वज. नोव्हेंबर १७२८ मध्ये धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. त्याच सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला बस्तान बसवले. धार पवारांच्या दुसऱ्या शाखेकडे आली. १७३२ साली माळव्याची वाटणी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात झाली आणि १७४१ मध्ये मोगल दरबाराने पेशव्यांचा हक्क कागदोपत्री मान्य केला. १७७५ साली दुसरे बाजीराव धारच्या किल्ल्यातच जन्मले, हे आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून ठाऊक आहे.

फौजेमागोमाग कारकून आले, कमाविसदार आले, पुजारी आले, वैद्य आले, शिलेदार-बारगीरांची कुटुंबे आली. प्रत्येकाने आपापली चूल आणली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मराठी चूल एक नव्हती. पवारांच्या मराठा घरातला रस्सा वेगळा, चित्पावनाची आमटी वेगळी, वऱ्हाडातून आलेल्याचे रोडगे वेगळे. ‘आपला स्वयंपाक’ असे आज जे आपण एकवचनात म्हणतो, ते एकवचन माळव्यात आल्यावर, परक्या मुलखात एकमेकांचे शेजारी झाल्यावर घडले.

इथली जमीन काळी. गहू, ज्वारी, हरभरा, मका भरपूर. कोकणातला तांदूळ, ओला नारळ आणि आमसूल मात्र नाही. मग काय झाले? आमसुलाच्या जागी चिंच आणि आमचूर आले. ओल्या नारळाच्या जागी सुके खोबरे आले. गणपतीला उकडीच्या मोदकांऐवजी कणकेचे तळणीचे मोदक झाले, जे देशावरही होत होतेच. चतुर्थीला आपल्या कितीतरी घरांत मोदकांच्या ताटाशेजारी चुरम्याचे लाडू असतात. ते माळव्याचे देणे आहे. बाप्पाने अजून तरी तक्रार केलेली नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला इथला बाफला पाहून गावची आठवण आली असेल, कारण गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा आणि तुपात बुडवायचा हे रोडग्याचे तंत्र त्याला ठाऊक होते. बाफला भाजण्याआधी पाण्यात उकळतात, ही माळव्याची भर. मक्याच्या कोवळ्या दाण्यांचा दुधात शिजवलेला ‘भुट्टे का कीस’ सराफ्यात खाताना त्यातला ‘कीस’ हा शब्द कानाला ओळखीचा वाटतो. बटाट्याचा कीस करणाऱ्या घरांना तो का ओळखीचा वाटतो, हे सांगायला नको.

पोह्यांचा प्रवास आणि उपासाची खिचडी

पोहे मराठी माणसांनी माळव्यात आणले, असे आपण अभिमानाने सांगतो. असेलही. पण आज इंदूर, देवास, धार, उज्जैन इथे सकाळी गाड्यावर मिळणारे पोहे आपल्या आजीचे पोहे राहिलेले नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. घरचे पोहे कढईतून थेट बशीत येतात, म्हणून चालतात. ते तासभर राहिले की कोरडे पडतात. गाडेवाल्याला तर पहाटेपासून दहा-अकरापर्यंत विकायचे असतात. त्याने उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात ठेवली. वाफेवर पोहे मऊ राहिले, तेलही कमी लागले. वाफेने चव जरा मवाळ होते, म्हणून वरून जिरावन, शेव, कांदा, लिंबू, डाळिंबाचे दाणे आले. बडीशेपेचा वास आला. बाजूला जिलेबी आली. घरातला पदार्थ रस्त्यावर येताना धंद्याच्या गरजेने बदलला आणि त्यातून एक नवा पदार्थ जन्माला आला. पुढे त्यावर उसळ पडली आणि उसळ-पोहे झाले. मराठी उसळ, माळवी पोहे, आणि खाणारा कोणत्याही जातीधर्माचा.

साबुदाण्याच्या खिचडीचेही तेच. घरी आपण ती तुपात, दाण्याच्या कुटावर परततो. सराफ्यातली खिचडी वाफेवर शिजलेली असते. गिऱ्हाईक आले की तिच्यात मसाला, लिंबू, फराळी चिवडा घालून हाताने कालवून देतात. ‘ही काही खरी खिचडी नव्हे’ असे म्हणण्याआधी खऱ्या खिचडीतले जिन्नस एकदा मोजून पाहू. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथलाच. हिरवी मिरची अमेरिका खंडातलीच. तूप आणि मीठ वगळले तर आपल्या एकादशीच्या पानात मुख्य जिन्नस सातासमुद्रापलीकडचे आहेत. ज्यांनी हे पहिल्यांदा उपासाला चालवून घेतले त्या बायकांइतके धाडस आजच्या कुठल्या शेफने दाखवले असेल, असे मला वाटत नाही.

तंजावरच्या मराठ्यांचे उदाहरणही इथे आठवते. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचा ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथ आहे आणि त्यात मराठी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीच्या कृतीही आहेत. आपल्या जवळ, रतलामच्या बाजूला सैलान्याच्या राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कृती गोळा केल्या आणि १९८२ मध्ये दिग्विजय सिंह यांनी त्या पुस्तकरूपाने छापल्या. इंदूरच्या होळकर घराण्यातल्या शिवाजीराव आणि शालिनीदेवी होळकर यांचे संस्थानी स्वयंपाकावरचे पुस्तक त्याआधी, १९७५ साली, आले होते. राजवाड्यांनी आपल्या कृती लिहून ठेवल्या. आपण मध्यमवर्गीयांनी ठेवल्या नाहीत. हा मुद्दा शेवटी परत येणार आहे.

देवासचा इंग्रज पाहुणा

देवासच्या जेवणाचे एक वर्णन जगभर वाचले गेले आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस देवास थोरल्या पातीला पाहुणा म्हणून आला आणि १९२१ मध्ये महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिला. त्याची पत्रे आणि आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ही टेकडी म्हणजे आपली माताजीची टेकरी. पहिल्या मुक्कामातल्या एका मेजवानीचे वर्णन करताना त्याने पानातल्या पदार्थांना क्रमांक घालून यादीच दिली आहे. साधा भात, डाळमसाल्याचा भात, गोड भात असे भाताचेच ढीग पाहून तो चकित झालेला दिसतो. त्याला पदार्थांची नावे येत नव्हती, म्हणून जे जसे दिसले तसे त्याने लिहिले.

आपल्या मुलांना आज जपानी पदार्थांचे जे होते तेच त्याचे आपल्या पानापुढे झाले होते. फरक एवढाच की तो मांडी घालून, आपल्या रीतीने जेवायला बसला. यजमानाच्या रीतीने जेवणे हा पाहुण्याचा धर्म त्याने पाळला.

कोण कुणाबरोबर जेवतो?

इथपर्यंतची गोष्ट पदार्थांची झाली, आणि ती सोपी आहे. आता अवघड भाग. आपल्या समाजात ‘काय खातो’ यापेक्षा ‘कुणाबरोबर खातो’ हा प्रश्न फार मोठा होता.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले, हे सर्वांना माहीत आहे. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. एका कप चहाची ही किंमत. आज आपण मॉलमध्ये कुणाच्या हातचे खातो याचा विचारही करत नाही, तो निर्धास्तपणा एवढा जुना नाही.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या गृहस्थाला चहाचे दुकान काढून दिले. ‘सत्यसुधारक’ नावाच्या त्या हॉटेलात महाराज स्वतः थांबत, चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. याचे देवासशी नाते आहे. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे हे शाहू महाराजांचे जावई. पुढे १९४७ मध्ये देवासचेच विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. हॉटेल ही चैनीची जागा आहे असे आपण समजतो. पण ज्याला कुणाच्या पंगतीत जागा नव्हती, त्याच्यासाठी हॉटेलचे बाकडे ही पहिली समान जागा होती. पैसे टाकले की शेजारी कोण बसला आहे हे विचारायचा अधिकार संपतो.

आपल्या पंगतींबद्दल बोलताना डोळे पाणावतात. माझेही पाणावतात. पत्रावळी, रांगोळी, उदबत्ती, श्लोक, आग्रह. पण त्या पंगतीत कोण नव्हते हेही आठवावे. घरातल्या बायका नव्हत्या. त्या वाढत होत्या, आणि शेवटच्या पंगतीला, उरले असेल ते, गार झालेले जेवत होत्या. ज्या काकू सणाला पोळ्या लाटायला येत त्या तर मागच्या पडवीत जेवत. एकदा कुटुंबाबरोबर बाहेर जेवायला गेलो असताना सहज लक्षात आले की आई, वहिनी, बायको आणि बहीण या चौघी एका वेळी, आमच्याच टेबलावर, गरम जेवत आहेत आणि कुणीही मध्येच उठत नाही. घरच्या जेवणाच्या किती वर्षांत असे झाले होते, हे मला आठवेना. बाहेरच्या जेवणावर टीका करणाऱ्यांनी, आणि त्यात बहुतेक आपण पुरुषच असतो, एवढे एक गणित मांडून पाहावे.

मग तक्रार कशाची?

फ्यूजन हा शब्द हॉटेलच्या जगात अमेरिकेतून आला. नॉर्मन व्हॅन एकेन या शेफने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो रूढ केला असे मानतात. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला ‘तबला’ हे रेस्टॉरंट निघाले, तिथले शेफ फ्लॉइड कार्डोझ हे आपल्या मुंबईचे. दिल्लीत २००९ साली ‘इंडियन अॅक्सेंट’ सुरू झाले. मग ही लाट शहरोशहरी गेली आणि इंदूरलाही पोहोचली. देवासला किर्लोस्करांचा कारखाना, बँक नोट प्रेस आणि धार जिल्ह्यात पीथमपूर यांमुळे देशभरची माणसे इथे आली होतीच. त्यांच्याबरोबर इडली आली, छोले आले, मंचुरियन आले. फ्यूजन त्या रांगेतले शेवटचे पाहुणे.

तेव्हा मिसळणे ही तक्रार होऊ शकत नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला आले, इथल्या खेड्यांतली माळवी गाणी कान देऊन ऐकली आणि ती आपल्या गाण्यात आणली. त्याला कुणी भेसळ म्हटले नाही, कारण त्यांना दोन्ही बाजू पक्क्या ठाऊक होत्या. माझी खरी काळजी इथे आहे. मिसळायला दोन गोष्टी लागतात. त्यातली एक आपण विसरत चाललो आहोत.

गेल्या वर्षी कार्यालयातल्या मित्रांबरोबर सहकुटुंब एका नव्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. आमच्यात एक माळवी जैन कुटुंब होते, एक बोहरा होते, एक केरळचे. छोट्या काचेच्या पेल्यांत ‘आमटी’ आली, वर कसलासा फेस. केरळच्या वहिनींनी विचारले, ‘ये क्या होता है?’ आणि आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने खांदे उडवले. त्याला माहीत नव्हते. त्याच्या घरी डाळ होते, ‘तडका’ लागतो, आमटी होत नाही. गोडा मसाला नागपूर-पुण्याहून कुणी आणला तर डब्यात पडून राहतो. त्या मुलाला आमटी फेसासकट आवडली, त्याने दुसरा पेला मागितला. आपल्या पणजीची चव त्याला अडीचशे रुपयांत, परक्या माणसाच्या हातून, पहिल्यांदा भेटली.

यात त्या शेफचा दोष नाही. उलट त्याने ती शोधून काढली. आणि मुलाचाही दोष नाही. आपल्या कितीतरी घरांत तिसरी-चौथी पिढी आता आपसात हिंदीत बोलते. भाषा गेली तरी स्वयंपाकघरातले शब्द मागे रेंगाळतात : फोडणी, पळी, ओगराळे, वरण, कोशिंबीर, मेतकूट. पदार्थ गेला की तो शब्दही जातो. मग मेन्यूकार्डावर तो छापलेला दिसला तरी वाचणाऱ्याला परका वाटतो.

एक विनंती

म्हणून बाहेर जेवायला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. जरूर जा, मित्रांना घेऊन जा, आईला आणि आजीला आधी बसवा. पण दोन गोष्टी आपण या गणेशोत्सवापासून करू शकतो.

पहिली, राजवाड्यांनी केले ते आपण करू. आपल्या मंडळातल्या प्रत्येक घराने एक तरी कृती लिहून द्यावी, आणि ती माळव्यातली असावी. आमचूर घातलेली आमटी, सुक्या खोबऱ्याचे तळणीचे मोदक, शेव घातलेले घरचे पोहे, बाफल्याबरोबरचे वरण. कुणाकडून शिकलात, घराणे कुठून आले, कोणता जिन्नस इथे मिळाला नाही म्हणून काय बदलले, तेही लिहावे. पुण्या-मुंबईच्या पाकपुस्तकांत हे सापडणार नाही, कारण ते तिथे घडलेच नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत दहा पाने त्यासाठी ठेवायला संपादक मंडळी नाही म्हणणार नाहीत, अशी आशा आहे.

दुसरी, महाप्रसादाची पंगत. या वर्षी वाढायला पुरुष आणि मुलगे उभे राहू दे आणि पहिल्या पंगतीला बायका बसू दे. शेजारचे माळवी, बोहरा, मल्याळी मित्र, मंडपाचे मांडववाले, ढोलवाले आणि सफाईचे कर्मचारी यांना त्याच पंगतीत पान मांडू. एखाद्या पाहुण्याने वाटीकडे बोट दाखवून ‘ये क्या है?’ असे विचारले, तर वाढणाऱ्या मुलाला ‘आमटी’ एवढे तरी सांगता यावे. त्याची तयारी घरी, गणपती बसण्याआधीच्या आठवड्यात, एकदा आमटी करून होऊ शकते.

गणपती बाप्पा मोरया!